अण्णा, स्क्रीन जरा पुढं वाकव

अण्णा, तुझ्या खुर्चीत बसले आणि रडू यायच्या आधी राग आला.

खरं तर रडायचं ठरवूनच आले होते. तू गेलास तेव्हापासून दुकानाचं शटर खालीच होतं. काल सकाळी ते वर केलं, पंखा लावला, तुझा कॉम्प्युटर सुरू केला. म्हटलं, घरी माणसांची ये-जा आहे, इथं कुणी नाही, पाच मिनिटं मनसोक्त रडून घ्यावं आणि मग तुझ्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, बॅनरला हात घालावा. तर बसल्याबरोबर ती खुर्ची फुस्स करून खाली गेली आणि टेबल माझ्या छातीशी आलं. समोर तुझा तो जुना मॉनिटर, मान मागे टाकून छताकडे बघणारा. त्यावर तुझा फोटो उघडला, तर इतका काळा दिसला की डोळे कुठं संपतात आणि मिशी कुठं सुरू होते तेच कळेना. रडणं राहिलं बाजूला. मी मोठ्यांदा म्हणाले, "ह्या असल्यावर काम करत होतास तू?"

उत्तर द्यायला तू नाहीस, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला.

लोक येतात, सतरंजीवर बसतात आणि मला, तुझ्या बहिणीला, सांगतात, अण्णा म्हणजे लई शांत माणूस, कधी कुणाला उलटून बोलला न्हाय. मी मान हलवते. उलटून बोलत नव्हतास हे खरंच आहे. पण ऐकतही नव्हतास, हे त्यांना कोण सांगणार? तुझ्याशी भांडण करायचं म्हणजे भिंतीला टाळी मागायची. मी तावातावानं बोलायचे, तू माउस हलवत राहायचास, आणि माझा दम संपला की "बघूया गं" म्हणायचास. त्या "बघूया"तलं काहीही आपण कधी बघितलं नाही. खुर्ची बघूया, मॉनिटर बघूया, तुझी छाती दुखते ते डॉक्टरला दाखवूया. बघूया गं, मालू.

पहिलं भांडण आठवतं का? मी हिंडलग्याला आत्याकडे राहून बेळगावात डिझाइनचा कोर्स केला आणि निपाणीला परत आले, त्याच आठवड्यातलं. स्टँडच्या मागचं हे आपलं फ्लेक्सचं दुकान, तू खुर्चीत, मी तुझ्या डाव्या हाताला उंच स्टुलावर. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर होता. तू त्या माणसाचा चेहरा उजळत होतास, उजळत होतास, थांबेचनास.

मी म्हटलं, "अण्णा, तो माणूस एवढा गोरा नाही."

"मी कुठं गोरा करायलोय? काळा दिसायलाय म्हणून जरा उजेड दिला."

"मला तर पिठाच्या डब्यात पडल्यासारखा दिसतोय."

"तू वर बसलीयास म्हणून."

"मग तू खाली बसलायस म्हणून!"

आणि गंमत म्हणजे आपण दोघंही खरं बोलत होतो. मी तुला तेव्हाच समजावून सांगितलं होतं, वहीच्या पाठीवर चित्र काढून. हे जुन्या पद्धतीचे स्वस्त मॉनिटर असतात ना, ते फक्त अगदी समोर बसलेल्यालाच खरा रंग दाखवतात. डोळे वर गेले की चित्र फिकं पडतं, खाली गेले की काळवंडतं, बाजूला सरकले की पिवळं नाहीतर जांभळं होतं. चित्र तेच असतं, फाइल तीच असते. आपण कुठून बघतो त्यावर सगळं बदलतं. आता नवे मॉनिटर येतात, कुठूनही बघा, रंग हलत नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "टीव्ही सगळ्या घराला सारखा दिसतोय, मग ह्येलाच काय धाड भरलीया?" नंतर त्याच चित्रावर तू चहाचा कप ठेवलास.

एखादा एकट्यानं काम करणारा माणूस असता तर चाललंही असतं. पण आपल्या धंद्यात एकट्यानं कोण बघतं? बॅनर करायला आपल्याकडे एकटा माणूस कधी येतच नाही. लग्नाचा असला तर मुलाकडचे पाच आणि मुलीकडचे सात, मंडळाचा असला तर अख्खं मंडळ. सगळे तुझ्या खुर्चीमागे अर्धगोल करून उभे, जो तो स्क्रीनवर बोट टेकवून सांगणार. एप्रिलमध्ये जयंतीचे बॅनर आले की तर विचारूच नको. आपला निळा म्हणजे निळाच पाहिजे, त्यात तडजोड नाही, हे मलाही मान्य. पण डावीकडचा म्हणायचा, जांभळा झालाय. उजवीकडचा म्हणायचा, फिका पडलाय. मागे टाचा उंचावून बघणारा म्हणायचा, ह्यो तर आभाळी दिसायलाय. आणि तू! ज्याचा आवाज मोठा, त्याच्या म्हणण्याप्रमाणं रंग हलवायचास. मी स्टुलावरून ओरडायचे, "अरे, त्यांना एकेकाला समोर बसवून दाखव!" तर तू माझ्याकडे असं बघायचास की जणू मी मंडळाचा अपमानच केलाय. लोक उभे असताना एकट्यालाच खुर्ची द्यायची म्हणजे बाकीच्यांना काय वाटेल?

एका वर्षी त्या ओढाताणीत निळा असा काही छापला गेला की शाळेच्या धुवून धुवून गेलेल्या शर्टाचा वाटावा. मंडळाची पोरं तोंड पाडून उभी. मी तुझ्याकडे बघितलं. तू मशीनकडे बघितलंस आणि म्हणालास, "शाई हलकी मारली हिनं." रात्रंदिवस राबणाऱ्या त्या मशीनवर तू जेवढे आळ घेतलेस तेवढे सासूनं सुनेवर घेतले नसतील.

पण खरा त्रास निळ्याचा नव्हता. खरा त्रास चेहऱ्यांचा होता.

तुझ्या हातून गेलेला प्रत्येक माणूस उजळ होऊन छापला जायचा. नवरा-नवरी उजळ, पुढारी उजळ, दहावीला पास झालेली पोरं उजळ, गेलेली म्हातारी माणसं उजळ. आणि लोकांना ते आवडायला लागलं! चिकोडीहून एक बाई सुनेचा फोटो घेऊन आल्या होत्या बघ. दारातूनच म्हणाल्या, "अण्णांकडं दिलं की मानूस उजाळतंय म्हंत्यात." तू लाजून हसलास. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाताना त्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "भईनीचा बी एक काढून ठेवा की."

त्या दिवशी मी तुझ्याबरोबर जेवलेही नाही. तुला कळलंच नाही मला काय लागलं ते. अरे, तू काळा, मी काळी. आई जन्मभर विड्या वळत बसली, बाबा वखारीत तंबाखूची पोती उचलायचे, ते दोघंही काळे. शाळेत बाकावर कुणी काय काय म्हटलं ते मी तुला सांगितलं नव्हतं, पण तुलाही कुणीतरी म्हटलंच असेल. आणि तू ज्या खुर्चीत बसलायस तिथून सगळ्या गावाच्या चेहऱ्यावरचा रंग खरवडून काढतोयस. मी म्हटलं, "लोकांना खूश करायला करतोस ना हे?" तू पहिल्यांदाच माउस सोडलास. म्हणालास, "मालू, तुझ्या गळ्याची आन. मी उजळत न्हाय. मला जसं काळं दिसतंय तसं फकस्त सारखं करतोय."

माझा विश्वास बसला नव्हता. काल त्या खुर्चीत बसल्यावर बसला. खरंच, तिथून कुणीही काळाठिक्कर दिसतो. तिथून बघणारा कुणीही चेहऱ्याला उजेड देणारच. तू गिऱ्हाइकाला गोंजारत नव्हतास, तुला खरोखर तसंच दिसत होतं.

मग माझा राग गेला का? छे, दुपटीनं वाढला. कारण ही खुर्ची बसलीय हे मी तुला सांगितलं होतं. हिच्यातला दट्ट्या गेलाय, ही बदल. तू म्हणालास, कमरेला बरी पडते. मॉनिटर बदल म्हटलं, तर म्हणालास, चालतोय की अजून. आणि मॉनिटरची मान! ती ढिली होऊन पुढं झुकायची, तेव्हा तू फ्लेक्सची पट्टी कापलीस आणि मागच्या खिळ्याला अशी आवळून बांधलीस की बिचाऱ्याचं तोंड कायमचं आढ्याकडे. आधीच तू खड्ड्यात, त्यात तो आभाळाकडे बघणार. मी म्हटलं होतं, "अण्णा, बाकी काही करू नकोस, स्क्रीन जरा पुढं वाकव. तुझ्या डोळ्यांकडे त्याचं तोंड येऊ दे." तू म्हणालास, "पडंल मग." मी म्हटलं, "पडणार नाही, वाकव तर खरं." कितीदा म्हटलं असेल! चहा देताना, मशीनवर रोल चढवताना, शटर ओढताना. बघूया गं.

हे सगळं लिहिताना मला तुझा पंखासुद्धा आठवतोय आणि त्याचाही रागच येतोय. टेबलावरच्या त्या पंख्याचं तोंड तू कायम माझ्या स्टुलाकडे करून ठेवायचास. स्वतः मेमध्ये घामानं निथळायचास आणि विचारलं तर म्हणायचास, "मला वारं सोसत न्हाय." घरी मात्र पंख्याखालची जागा कधी सोडली नाहीस, हे वहिनीनं मला परवा सांगितलं. मी दुकानात बसायला लागले तेव्हा काका घरी येऊन तुला म्हणाले होते, पोरीचं तिथं काय काम? तू जेवत होतास, मान वर न करता म्हणालास, "काम हाय म्हणूनच येतीय." पुन्हा कुणी विचारलं नाही. माझं लग्नाचं बोलणं चाललं होतं, पाहुणे म्हणाले दुकान सोडावं लागेल, तेव्हाही तू शांतपणे त्यांना चहाचे कप रिकामे करायला लावून वाटेला लावलंस. मी तुला कधी म्हटलं नाही की अण्णा, बरं केलंस. म्हणायला गेले असते तर तू काहीतरी भलतंच बोलून मला चिडवलं असतंस आणि त्यावरून पुन्हा आपलं जुंपलं असतं.

शेवटच्या सकाळीसुद्धा तू तसाच. गाडी दारात, सगळी गल्ली गोळा, आणि कोल्हापूरला न्यायचं की बेळगावला यावरून सल्ले चाललेले. तू छातीवर हात दाबून, घामेजलेला, म्हणालास, "बेळगावला न्या, कोल्हापूरच्या वाटंला काम चाललंय." स्वतःच्या जिवापेक्षा तुला रस्त्यावरच्या गर्दीची काळजी. संकेश्वरच्या पुढं गेलो तेव्हा माझा हात तुझ्या हातात होता. तू काहीतरी पुटपुटलास, मी वाकून विचारलं, काय? तू म्हणालास, मशीन बंद केलीस का? मी म्हटलं, केली. त्यानंतर तू काही बोलला नाहीस.

केली नव्हती, अण्णा. परत आल्यावर केली, आणि तेव्हाच शटर ओढलं.

तर तुझा बॅनर. छापून झाला आणि आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी लागलाय. कसा झाला ते तुला सांगायलाच हे लिहायला बसले.

काल दुपारी आई आणि वहिनी दुकानात आल्या. मी म्हटलं होतं, घरीच थांबा, मोबाइलवर पाठवते. पण आपल्याकडची रीत, बॅनर बघायला माणसं दुकानातच येणार. फोटो अनगोळच्या लग्नातला घेतला, तू पांढऱ्या शर्टात, कुणावर तरी हसतोयस. माझ्यावरच असशील, फोटो मीच काढला होता. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, तुझ्या नेहमीच्या मांडणीप्रमाणं. कन्नडची अक्षरं वहिनीनं एकेक वाचून तपासली, तिचं माहेर चिकोडीचं, शाळा कन्नड. तिथवर सगळं नीट चाललं होतं. मग चेहऱ्याची पाळी आली.

वहिनी माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, "ताई, ह्यो कोन पांढरा फटक? हे न्हवंत ह्ये."

आई खाली बसली होती. खुर्ची दिली तरी ती खुर्चीत बसत नाही हे तुला माहीत आहे, जन्मभर विड्यांचं सूप मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेली बाई. ती म्हणाली, "पांढरा कुठला? काळाकुट्ट दिसायलाय माझा लेक. तोंडच न्हाय त्येला."

मला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना. आपलंच भांडण, फक्त तोंडं दुसरी. मी म्हटलं, "आई, तू खाली बसलीस म्हणून तसा दिसतोय."

"मी जलमभर खालीच बसलीया," आई म्हणाली. "म्हणून काय मला मानसं वळखू येत न्हाईत व्हय?"

"तसं नाही गं. त्या मॉनिटरमुळं."

"त्ये मला कळत न्हाय. तू उजळ कर त्येला."

वहिनी आईला म्हणाली, "आत्या, ते सावळंच हुते की. मला न्हाय का म्हाईत?"

आई तिच्याकडे वळलीच नाही. माझ्याकडेच बघत म्हणाली, "निप्पाणीतल्या सगळ्या लोकांची तोंडं उजळली त्येनं. आनि त्येचं मात्र काळं ठेवतीस व्हय? त्येचं कोन करनार?"

अण्णा, ह्या विषयावर तुला ऐकवायचं माझं भाषण वर्षानुवर्षं तयार होतं. आपला रंग, आपली माणसं, कुणासाठी बदलायचं, का बदलायचं, सगळं पाठ होतं. पण ते तुझ्यासाठी होतं, आईसाठी नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की साऱ्या गावाला तू जे दिलंस ते तुझ्या वाट्याला यावं. मी माउस हातात घेतला. खरं सांगते, मी उजळणारच होते. दोन वेळा उजेड वर नेला आणि दोन्ही वेळा वहिनीनं मागून "नको ताई" म्हटलं. पुढं जावं तर वहिनीचा नवरा जातोय, मागं यावं तर आईचा मुलगा. अशी कात्रीत सापडले आणि तू मात्र स्क्रीनवर हसतोयस!

शेवटी मी संतापानं उठले. टेबलावरची कात्री घेतली, मॉनिटरच्या मागे गेले आणि तुझी ती फ्लेक्सची पट्टी कापून टाकली. मानेला झटका बसला, मॉनिटर पुढं कलला. पडायच्या आत मी तो मागून दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, "आई, आता बघ. कुठवर वाकवू सांग."

मला स्क्रीन दिसत नव्हता. मला फक्त आई दिसत होती, जमिनीवर बसलेली, मान वर केलेली.

"आजून," ती म्हणाली.

मी वाकवला.

"आजून जरा."

वाकवला. हात भरून आले होते. वहिनी आईच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली.

"बास," आई म्हणाली.

आईनं डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही, नुसती बघत राहिली, तू बाहेरून आलास की दारात तुझ्याकडे बघायची तशी. वहिनीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी मागून विचारलं, "उजळू का?"

"नगं," आई म्हणाली. "ह्योच हाय. असाच हुता."

जिंकले होते ना मी? एवढ्या वर्षांचं भांडण जिंकले, तेही खुद्द आईच्या तोंडून, आणि कुणाला वेडावून दाखवायचं तर समोर तू नाहीस. मॉनिटर तसाच धरून मी उभी राहिले.

आईनं विचारलं, "एवढंच वाकवायचं हुतं व्हय त्ये?"

"व्हय, आई."

"मग त्येला का न्हाय सांगितलंस गं? माझं लेकरू जलमभर त्या अंधारात डोळं फोडत बसलं."

सांगितलं होतं, अण्णा. शंभरदा सांगितलं होतं. पण तेव्हा दुकानात आपण दोघंच असायचो, तिसरं कुणी ऐकायला नव्हतं. आई काही रागानं बोलली नाही, पण तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिला वाटतंय, मी सांगितलंच नाही. आता हे मी तिला कुणाच्या तोंडून पटवू? एकदा, फक्त एकदा, तुझ्या त्या गार आवाजात तिला एवढं सांगून जा, की मालूनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.